जागा वाढल्या, शिकवणार कोण?

गेल्या दहा-अकरा वर्षांत या देशात वैद्यकीय शिक्षणाचा जेवढा विस्तार झाला तेवढा त्याआधीच्या कोणत्याही दशकात झाला नव्हता. २०१४ साली देशात ३८७ वैद्यकीय महाविद्यालये होती आणि एमबीबीएसच्या जागा ५१ हजारांच्या घरात होत्या. २०२४-२५ मध्ये महाविद्यालयांची संख्या ७८० झाली आणि जागा १ लाख १८ हजारांपर्यंत गेल्या. पदव्युत्तर जागा याच काळात ३१ हजारांवरून ७४ हजारांच्या आसपास पोचल्या. एवढ्यावर न थांबता २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ७५ हजार जागांची घोषणा झाली. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ९ ऑक्टोबर २०२४ या एकाच दिवशी मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, बुलढाणा, वाशीम, भंडारा, हिंगोली, गडचिरोली आणि अंबरनाथ अशा दहा ठिकाणच्या नव्या शासकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले आणि राज्यातील ९०० जागा वाढल्या.

या विस्ताराचे स्वागत करावयास हवे, यात शंका नाही. हिंगोलीच्या किंवा गडचिरोलीच्या मुलाला आपल्या जिल्ह्यात राहून डॉक्टर होता येईल, ही गोष्ट लहान नाही. ज्या पालकांनी जमीन गहाण टाकून मुलांना युक्रेन, रशिया किंवा किर्गिझस्तानला धाडले, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध सुरू झाल्यावर दूरचित्रवाणीसमोर बसून रात्री काढल्या, त्यांना या आकड्यांचे मोल कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु अर्थशास्त्राच्या अध्यापकाला एक खोड असते. कोणी एखाद्या वस्तूचे उत्पादन दुप्पट झाले असे सांगितले की तिला लागणारा कच्चा माल, यंत्रे आणि कसबी माणसे दुप्पट झाली का, असे तो विचारतो. वैद्यकीय शिक्षणाच्या बाबतीत हा प्रश्न विचारला की उत्तर देणारे गप्प बसतात, किंवा इमारतींची छायाचित्रे दाखवितात.

‘जागा’ हा शब्दच मुळात फसवा आहे. वर्गातील बाकावर एक विद्यार्थी अधिक बसविता येतो, म्हणून कला वा वाणिज्य शाखेत जागा वाढविणे सोपे. तेथेही त्याची किंमत मोजावी लागते, आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्या अध्यापकांच्या पिढीने ती मोजली आहे. पण तो वेगळा विषय आहे. वैद्यकीय महाविद्यालयातील एक जागा म्हणजे ठराविक संख्येच्या भरलेल्या खाटा, विच्छेदनगृहातील देह, प्रयोगशाळा, बाह्यरुग्ण विभागातील गर्दी आणि या सर्वांच्या मध्ये उभा राहून ‘इथे हात ठेव, आता काय लागते सांग’ असे म्हणणारा अनुभवी अध्यापक. यांतील शेवटचा घटक पैशाने तत्काळ निर्माण होत नाही. इमारत अठरा महिन्यांत उभी राहते. शस्त्रक्रिया शिकविणारा प्राध्यापक तयार होण्यास, बारावीनंतर मोजले तर, पंधरा ते वीस वर्षे लागतात.

विल्यम बॉमोल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६६ साली आपल्या सहकाऱ्याबरोबर रंगकलांच्या अर्थकारणाचा अभ्यास करताना एक साधे निरीक्षण मांडले होते. चौघा वादकांसाठी रचलेली संगीतकृती सादर करण्यास शंभर वर्षांपूर्वी जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागे तेवढाच आजही लागतो. तेथे यंत्राने उत्पादकता वाढत नाही. रुग्णाच्या खाटेशेजारचे अध्यापन हे याच जातीचे काम आहे. आता प्रात्यक्षिकासाठी प्लॅस्टिकचे पुतळे आले, संगणकावर आभासी शवविच्छेदन होते, दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियेचा सराव पेटीत करता येतो. हे सारे उपयुक्त आहे आणि जुन्या पिढीने त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. शिरेत सुई घालण्याचा पहिला प्रयत्न गरीब रुग्णाच्या हातावर होण्यापेक्षा रबराच्या हातावर झालेला केव्हाही बरा. पण पोटदुखीने कण्हणारी बाई नेमके काय सांगत नाही आहे, हे ओळखायला पुतळा शिकवीत नाही. ते शिकविण्यास अध्यापक लागतो, त्याच्याभोवती पंचवीस नव्हे तर सात-आठच विद्यार्थी असावे लागतात, आणि त्याला घाई नसावी लागते.

या राज्यात अशी परंपरा नव्हती असे नाही. १८४५ साली मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १८५१ साली तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. असहकाराच्या वातावरणात १९२१ साली राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेच पुढे नायर रुग्णालयाशी जोडलेले टोपीवाला महाविद्यालय झाले. १९२६ साली परळला शेठ गोर्धनदास सुंदरदास महाविद्यालय उघडले तेव्हा देणगीदारांची एक अट होती: अध्यापकवर्ग संपूर्ण भारतीय असला पाहिजे. त्या काळी उच्च वैद्यकीय पदे गोऱ्या अधिकाऱ्यांची मिरास होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या अटीचे मर्म कळते. महाविद्यालय काढताना त्या माणसांनी प्रथम शिक्षक कोण असेल याचा विचार केला होता. इमारतीला कोणाचे नाव द्यावयाचे हा प्रश्न त्यानंतरचा.

आणि त्या शिक्षकांनी केवळ शिकविले नाही. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम रुग्णांवर पद्धतशीर तपासून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला, आणि एका जुन्या वनौषधीला आधुनिक वैद्यकात स्थान मिळाले. १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांचे रक्त कोणत्याही ज्ञात गटाशी जुळेना अशा रुग्णांवरून एक नवा रक्तगट ‘लॅन्सेट’मध्ये नोंदविला, तो आज जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. भेंडे विकृतिशास्त्राचे होते, म्हणजे ज्या विषयांकडे आजचा पदवीधर ढुंकूनही पाहत नाही त्यांपैकी एकाचे. त्या काळी महापालिकेच्या आणि शासनाच्या रुग्णालयांत मानद डॉक्टरांची पद्धत होती. नामांकित तज्ज्ञ सकाळी वॉर्डात नाममात्र मोबदल्यावर रुग्ण पाहत, शिकवीत, आणि दुपारनंतर आपल्या खासगी दवाखान्यात बसत. या पद्धतीत दोष पुष्कळ होते. खासगी रुग्णाला वॉर्डातली खाट मिळे आणि गरिबाला ताटकळावे लागे, अशा तक्रारी तेव्हाही होत. परंतु त्या व्यवस्थेत अध्यापनाला एक मोबदला होता, तो म्हणजे प्रतिष्ठा. ‘के. ई. एम.चे मानद’ ही पाटी दवाखान्याबाहेर लागली की तिची बाजारात किंमत होती. आज ती पाटी एखाद्या पंचतारांकित रुग्णालयाची असते.

दुसरा प्रवाह भोर समितीचा. १९४६ च्या आपल्या अहवालात या समितीने देशातील डॉक्टरांची गणती केली तेव्हा सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टरांपैकी ३० हजारांच्या आसपास ‘लायसेन्शिएट’ होते, म्हणजे पदवी नव्हे तर कमी कालावधीची पदविका घेतलेले. समितीच्या बहुमताने हा वर्ग बंद करावा आणि यापुढे एकाच प्रकारचा, पूर्ण शिकलेला ‘मूलभूत डॉक्टर’ तयार करावा असे ठरविले. काही सदस्यांनी वेगळे मत नोंदविले. खेड्यांना डॉक्टर मिळणार नाहीत ही त्यांची भीती होती. ती खरी ठरली. पण बहुमताचा विचारही चुकीचा होता असे म्हणवत नाही, कारण खेड्यातील माणसाला कमी प्रतीचा डॉक्टर पुरे, हे तत्त्व मान्य करणे स्वतंत्र होऊ घातलेल्या देशाला शोभणारे नव्हते. त्यासाठी समितीने जे दुसरे सांगितले होते, म्हणजे सरकारने आरोग्यावर भरीव खर्च करावा आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्याला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे शिक्षण द्यावे, ते मात्र आपण सोयीस्करपणे बाजूला ठेवले. पहिले घेतले, दुसरे सोडले.

असेच अमेरिकेत झाले होते. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर या शिक्षकी पेशातील गृहस्थांनी (ते डॉक्टर नव्हते) अमेरिका व कॅनडातील १५५ वैद्यकीय शाळा पाहून अहवाल लिहिला. कित्येक शाळांत प्रयोगशाळा नव्हती, रुग्णालय नव्हते, प्रवेशाला शुल्कापलीकडे कसली अट नव्हती. अहवालानंतर शाळांची संख्या झपाट्याने घटली, दर्जा वाढला, आणि जॉन्स हॉपकिन्सचा नमुना, म्हणजे विद्यापीठ, रुग्णालय आणि संशोधन एका छपराखाली, देशभर रूढ झाला. पण त्याच वेळी कृष्णवर्णीयांच्या सात शाळांपैकी पाच बंद पडल्या, आणि त्यांच्या वस्त्यांना डॉक्टर मिळण्याची जी थोडी वाट होती ती अरुंद झाली. मिल्टन फ्रिडमन यांनी १९६२ च्या ‘कॅपिटॅलिझम अँड फ्रीडम’मध्ये वैद्यकीय परवान्यांवर जो हल्ला चढविला त्याचा रोख हाच होता: दर्जाच्या नावाखाली पुरवठा आवळला जातो आणि व्यावसायिकांची मिळकत वाढते. पण त्याला पुरेसे उत्तर पुढच्याच वर्षी केनेथ अॅरो यांच्या निबंधाने मिळाले. रुग्ण हा सामान्य ग्राहक नाही. घेतलेली सेवा चांगली होती की वाईट, हे त्याला घेतल्यानंतरही पुष्कळदा कळत नाही. तो विश्वासावर व्यवहार करतो. कच्चा डॉक्टर बाजारातून आपोआप बाद होत नाही. तो तीस-चाळीस वर्षे व्यवसाय करतो.

आपल्याकडे १९८३ च्या सुमारास विनाअनुदानित महाविद्यालयांना दार उघडले गेले. त्या कथेत महाराष्ट्र कर्नाटकाच्या जोडीने अग्रभागी होता आणि साखर कारखान्यांच्या पंक्तीला शिक्षणसम्राट हा नवा वर्ग बसला, हे वाचकांना ठाऊक आहे. देणगी शुल्कावर बंदी घालणारा कायदा राज्याने १९८७ साली केला. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल १९९२, १९९३ आणि २००२ साली एकामागून एक आले, शुल्क नियामक समित्या आल्या. २०२२ साली राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने खासगी महाविद्यालयांतील निम्म्या जागांवर शासकीय महाविद्यालयाइतकेच शुल्क असावे असे मार्गदर्शक तत्त्वही काढले. या साऱ्याचे तपशील येथे देत बसत नाही. मुद्दा इतकाच की जेथे जागेला भरमसाट किंमत येते आणि जागा मंजूर करण्याचा अधिकार तपासनिसाच्या हाती असतो, तेथे तपासनीस हीच एक बाजारपेठ बनते. भारतीय वैद्यक परिषद याच कारणाने २०१० साली बरखास्त झाली. २०२० साली तिच्या जागी आयोग आला. २०२५ च्या मध्यास केंद्रीय अन्वेषण विभागाने महाविद्यालयांच्या तपासणीतील लाचखोरीबद्दल पुन्हा गुन्हा दाखल केला, त्यात मंत्रालयातील कर्मचारी होते आणि तपासनीसही होते. संस्थेचे नाव बदलले, वस्तूची टंचाई तशीच राहिली. मग तिचा काळा बाजार तरी कसा संपावा?

तपासणीच्या दिवशी उगवणारे आणि दुसऱ्या दिवशी मावळणारे प्राध्यापक ही या शिक्षणातील जुनी विनोदकथा आहे. आयोगाने २०२२-२३ मध्ये २४६ महाविद्यालये तपासली तेव्हा बहुतेक ठिकाणी कागदावरचे अध्यापक आढळले. त्यावर उपाय म्हणून आधी बोटांच्या ठशांची आणि आता चेहऱ्याच्या ओळखीची हजेरी आली आहे. अध्यापक खरोखर आला की नाही हे यंत्र सांगेल. पण जो मुळात नाहीच, त्याला यंत्र कोठून आणणार?

शून्य पर्सेंटाइलचा अर्थ

या ठिकाणी २०२३ सालच्या एका निर्णयाकडे लक्ष वेधावेसे वाटते. त्या वर्षीच्या सप्टेंबरात पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची पात्रता सर्व प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणण्यात आली. परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पात्र ठरला. वृत्तपत्रांतून यावर पुष्कळ उपहास झाला, गुणवत्तेचा ऱ्हास वगैरे नेहमीचे शब्द वापरले गेले. परंतु हा निर्णय का घ्यावा लागला, याकडे फार थोड्यांनी पाहिले. जागा रिकाम्या राहत होत्या म्हणून. त्या कोणत्या? त्वचारोगाच्या किंवा क्षकिरणशास्त्राच्या नव्हेत; त्यांसाठी तर झुंबड असते. रिकाम्या राहणाऱ्या जागांत मोठा भाग शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, औषधशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, न्यायवैद्यक या विषयांचा असतो. म्हणजे एमबीबीएसच्या पहिल्या दोन-अडीच वर्षांत जे शिकविले जाते, नेमके त्याच विषयांचा.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. एका बाजूस एमबीबीएसच्या जागा दुपटीहून अधिक झाल्या, म्हणून पहिल्या वर्षाला शिकविणाऱ्या अध्यापकांची गरज दुपटीहून अधिक झाली. दुसऱ्या बाजूस त्या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेण्यास कोणी तयार नाही. तरुण पदवीधर मूर्ख आहे म्हणून असे होते काय? मुळीच नाही. तो आमच्या पाठ्यपुस्तकातील विवेकी माणसासारखाच वागतो. शरीररचनाशास्त्राच्या एम.डी.ला खासगी व्यवसाय नाही. त्याला वेतनावर आणि व्यवसायरोध भत्त्यावर समाधान मानावे लागते, आणि शासकीय सेवेत आला तर पुष्कळदा तेही कंत्राटी, मुदत संपली की पुन्हा अर्ज. त्याच्याबरोबर उत्तीर्ण झालेला अस्थिरोगतज्ज्ञ काही वर्षांत स्वतःचे रुग्णालय बांधतो. त्वचारोगतज्ज्ञाच्या शिक्षणाचा लाभ मुख्यतः त्याला स्वतःला मिळतो, शरीररचनाशास्त्राच्या अध्यापकाच्या शिक्षणाचा लाभ मात्र पुढच्या तीस वर्षांतील प्रत्येक तुकडीला आणि त्या तुकड्यांच्या लक्षावधी रुग्णांना मिळतो. खासगी लाभ आणि सामाजिक लाभ यांत अंतर पडले की सरकारने मध्ये पडून भरपाई करावी, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवितात. सरकारने काय केले? भरपाई वाढविली नाही, पात्रता उतरविली. बाजारात भाजी विकली जात नाही म्हणून वजन मापात मारावे तसा हा प्रकार.

क्लिनिकल विषयांच्या बाबतीत आयोगाने २०२५ साली वेगळा मार्ग काढला. दोनशे वीस वा अधिक खाटांच्या शासकीय रुग्णालयात दहा वर्षे काम केलेला तज्ज्ञ सहयोगी प्राध्यापक, आणि दोन वर्षे काम केलेला सहायक प्राध्यापक होऊ शकेल, असा नियम झाला. अध्यापक संघटनांतून यावर नाराजी उमटली. माझे मत थोडे निराळे आहे. जिल्हा रुग्णालयात दहा वर्षे प्रसूती करणाऱ्या बाईंना, शहरातल्या महाविद्यालयात निबंधांची संख्या वाढविणाऱ्यापेक्षा, शिकविण्यासारखे अधिक ठाऊक असण्याचा संभव आहे. पण त्यांना ते शिकविण्यास वेळ देणार काय? सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात दीडशे रुग्ण, दुपारी शस्त्रक्रिया, संध्याकाळी न्यायालयाचे समन्स, आणि मधल्या वेळात शंभर विद्यार्थी. पद बदलल्याने दिवसाचे तास वाढत नाहीत. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २०२३ च्या ऑक्टोबरारंभी २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात अर्भके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदांचा हिशेब मागितला. त्या दिवसांत एका खासदारांनी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह झाडावयास लावले, त्याची चित्रे सर्वांनी पाहिली. अध्यापकाची प्रतिष्ठा कोठे येऊन ठेपली याचे ते चित्र होते. असल्या खुर्चीत बसण्यास हुशार मुलगा का यावा?

संशोधनाची स्थिती याहून वेगळी असण्याचे कारण नाही. २००५ ते २०१४ या दहा वर्षांतील प्रकाशनांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांतून दहा वर्षांत एकही शोधनिबंध निघाला नव्हता. उलट, महाविद्यालयाची पाटी नसलेल्या ठिकाणी काय घडू शकते ते गडचिरोलीने दाखविले. डॉ. राणी बंग यांनी १९८९ साली ग्रामीण स्त्रियांच्या रोगांविषयी आणि डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी १९९९ साली घरच्या घरी नवजात बालकांच्या शुश्रूषेविषयी ‘लॅन्सेट’मध्ये जे लिहिले, त्याने पुढे शासनाची धोरणे बदलली. प्रश्न लोकांमधून उचलला, मोजमाप काटेकोर केले. वैद्यकीय महाविद्यालयांत सक्तीने लिहवून घेतलेल्या प्रबंधांचे ढीग पाहिले, म्हणजे या दोन गोष्टींपैकी एकही त्यांत क्वचितच का आढळते, असा प्रश्न पडतो. त्याच गडचिरोलीत आता शासकीय महाविद्यालय आले आहे. तेथील अध्यापकांनी शेजारच्या शोधग्रामाकडे पाहिले तर पुष्कळ शिकता येईल.

स्वस्त मजूर

अध्यापनरुग्णालय एकाच वेळी तीन वस्तू निर्माण करते: उपचार, प्रशिक्षित डॉक्टर आणि ज्ञान. हिशेबात मात्र पहिलीच दिसते. दुसरीचा खर्च कोण देतो? तो फार मोठ्या प्रमाणात निवासी डॉक्टर देतात, आपल्या झोपेतून. केंद्र सरकारने १९९२ साली निवासी डॉक्टरांच्या कामाचे तास बांधून दिले होते, सलग बारा तासांपेक्षा अधिक नको असे त्यात म्हटले होते. ते कागद कोठल्या तरी कपाटात असतील. सलग ३६ तासांची ड्युटी आजही कोणाला नवल वाटावी अशी राहिलेली नाही. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली एका तरुणीचा रुग्णालयात मृत्यू झाला, तिच्या वडिलांनी थकलेल्या शिकाऊ डॉक्टरांचा प्रश्न लावून धरला, आणि २००३ साली अमेरिकेत आठवड्याला ८० तासांची मर्यादा देशभर आली. आपल्याकडे २०२४ साली आयोगाच्याच कार्यगटाने विद्यार्थी व निवासी डॉक्टरांच्या मानसिक आरोग्यावरील अहवालात आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचविली. त्याच वर्षी ९ ऑगस्टला कोलकात्याच्या आर. जी. कर महाविद्यालयात प्रदीर्घ ड्युटीनंतर विसावलेल्या पदव्युत्तर विद्यार्थिनीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. देशभर संप झाले, सर्वोच्च न्यायालयाने कृतिदल नेमले, चर्चा सुरक्षारक्षक आणि कॅमेरे यांच्याभोवती फिरली. तिला विसाव्यासाठी सभाकक्षाखेरीज जागा का नव्हती, आणि इतके तास ती कामावर का होती, हा प्रश्न मागे पडला. कारण त्याचे उत्तर खर्चिक आहे. तास कमी केले तर माणसे अधिक नेमावी लागतील.

ग्रामीण सेवेच्या बंधपत्राची कथाही हिशेबाचीच आहे. महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने वर्षभर सेवा द्यावी, न दिल्यास दहा लाख रुपये भरावेत. पदव्युत्तरांसाठी ही रक्कम पन्नास लाख. इस्रायलमधील हैफा शहरात बालकेंद्रांतून मुलांना उशिरा नेणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला, तेव्हा उशीर कमी होण्याऐवजी वाढला, असा एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला होता. दंड हा पालकांना दर वाटू लागला. पैसे दिले म्हणजे उशीर करण्याचा हक्क मिळाला. बंधपत्राचे असेच होते. ज्याच्या घरी पैसा आहे तो कर्तव्य विकत घेऊन मोकळा होतो, नसलेला मुकाट्याने प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो, आणि तेथे औषध नाही, निवासस्थान नाही, कधी नेमणूकच वेळेवर नाही. सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने १९६९ पासून दुसरी रीत ठेवली. प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, पहिल्या वर्षीच तेथे जाऊन राहते, पुढे तीच कुटुंबे पाहत राहते. आणि पदव्युत्तर प्रवेशासाठी ग्रामीण सेवा ही तेथे कित्येक वर्षे पूर्वअट होती. पैसे भरून ती टळत नसे. आता नव्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घ्यावीत असा जो कार्यक्रम आहे तो याच जातीचा, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावेत हा नियमही चांगला आहे. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात रुग्णाशी बोलावे कसे, वाईट बातमी सांगावी कशी, हेही शिकवायचे ठरले आहे. कागदावर तो जुन्या अभ्यासक्रमापेक्षा निःसंशय सरस आहे. पण प्रत्येक कौशल्यापुढे सही करणारा अध्यापक एकाच दुपारी पन्नास नोंदवह्यांवर सह्या करीत असेल, तर त्या सहीचा अर्थ काय घ्यावयाचा?

कोणी म्हणेल, हे सारे खरे, पण थांबून कसे चालेल? अपुऱ्या अध्यापकांचे महाविद्यालय असले तरी ज्या जिल्ह्यात भूलतज्ज्ञ नव्हता तेथे तो आता आला. रात्री साप चावलेल्या मुलाला शंभर किलोमीटर न्यावे लागत नाही. या युक्तिवादात वजन आहे आणि मुंबई-पुण्यात बसून तो झटकून टाकण्याचा अधिकार कोणाला नाही. म्हणूनच महाविद्यालये बंद करा असे येथे म्हणावयाचे नाही. मात्र ज्या महाविद्यालयात मंजूर पदांपैकी ठराविक पदे कायम स्वरूपात भरलेली नाहीत तेथे पुढील वाढीव जागांना परवानगी देऊ नये, आणि ती यादी दर वर्षी प्रवेशापूर्वी पालकांच्या हाती पडावी, एवढे करण्यास कायदा बदलावा लागत नाही. पायाभूत विषयांच्या अध्यापकांना वेतनश्रेणीखेरीज भरघोस विशेष भत्ता द्यावा, त्या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे शुल्क पूर्ण माफ करून विद्यावेतन वाढवावे. त्याचा खर्च एका नव्या महाविद्यालयाच्या इमारतीपुढे फार वाटू नये. आणि अध्यापनरुग्णालयाच्या अंदाजपत्रकात शिक्षणाचा खर्च उपचाराच्या खर्चापासून वेगळ्या लेखाशीर्षाखाली दाखवावा. आज तो कोठे किती होतो हे विधिमंडळालाही सांगता येणार नाही, आणि जो खर्च दिसत नाही त्यालाच प्रथम कात्री लागते.

२०२४ साली त्या दहा महाविद्यालयांत दाखल झालेली मुले २०२९ मध्ये शेवटची परीक्षा देतील आणि २०३० मध्ये आंतरवासिता संपवून बाहेर पडतील. शरीररचनाशास्त्राचे त्यांचे वर्ष तर जसे जायचे तसे गेलेच आहे. वॉर्डातली वर्षे अजून हाती आहेत. राज्याच्या येत्या अर्थसंकल्पात या दहा ठिकाणच्या प्राध्यापकांच्या किती कायम पदांची तरतूद होते आणि त्यांपैकी किती पदांच्या जाहिराती लोकसेवा आयोगाकडून प्रत्यक्षात निघतात, हे विरोधी पक्षांनी सभागृहात महाविद्यालयवार विचारावे.